अंड्यासारखा ड्रम आणि कमाल चौकाकडचे मिस्त्री

नागपूरच्या मेडिकल चौकात त्या ऑटोला मी ठोकलं नाही, नुसता टेकलो. पण टेकलो हे खरं, आणि का टेकलो ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं, म्हणजे माझ्या बुलेटच्या पुढच्या ब्रेकचं काम, समजणार नाही.

माझी बुलेट १९८६ची, ३५०, बाबांनी घेतलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पोराची गाडी आजकालची, म्हणजे बरोबर उलटी. बुलेटची क्लच वायर तुटली होती म्हणून आठवडाभर मी पोराच्या गाडीवर दुकानात जाऊन येत होतो. आठव्या दिवशी बुलेट काढली, आणि मेडिकल चौकात पुढचा ऑटो सवारी दिसली म्हणून कचकन थांबला. माझ्या डोक्यानं पोराच्या गाडीचा ब्रेक मारला, उजव्या पायानं. आता जुन्या बुलेटचा पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. म्हणजे ब्रेक समजून मी जो काही दणका दिला त्यानं गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. खटकन आवाज आला. हातानं पुढची लिव्हर पार मुठीला लागेपर्यंत ओढली होती. पुढचा ब्रेक म्हणाला, बघतो.

ऑटोवाला उतरला. त्यानं बंपर पाहिला, माझी गाडी पाहिली, माझे पांढरे केस पाहिले आणि म्हणाला, "काका, म्युझियमले देऊन टाका नं हिले." पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन विचार केला. पायाचा गोंधळ काही या वयात जाणार नाही. दोन गाड्या आहेत तोवर तो होणारच. पण हाताचं तसं नाही, पुढच्या ब्रेकची लिव्हर दोन्ही गाड्यांना उजव्याच हाताला. म्हणजे जो ब्रेक मी गडबडीतही चुकणार नाही, नेमका तोच माझ्या गाडीला नावापुरता होता.

नावापुरता म्हणजे किती, तर ४० वर्षांत बाबांनी तो वापरलाच नाही. "पुढच्या ब्रेकले हात लावशील तं उलटशील," हे त्यांनी मला १९९०च्या आसपास गाडी शिकवताना सांगितलं आणि अजूनही ओसरीतून सांगतात. आपल्याकडे हे घरोघरी सांगतात. सायकलवर पुढचा ब्रेक मारून तोंडावर आपटलेला पोट्टा प्रत्येक गल्लीत एक असतो, त्याच्यापासून ही भीती चालू होते. खरी गोष्ट अशी की गाडी थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचं चाक हलकं पडते. म्हणून मागचा ब्रेक कितीही दाबला तरी एका मर्यादेनंतर चाक नुसतं घासत जाते. थांबवायचं काम पुढच्यानंच करायचं असते. पण बाबांच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकनं कोणी उलटूच शकलं नसतं, हेही तितकंच खरं.

माझ्या गाडीला पुढे ६ इंची ड्रम होता, सिंगल लीडिंग. हा शब्द मलाही आधी माहीत नव्हता. ड्रमच्या आत दोन शू असतात, ज्यांना आपण लायनर म्हणतो. कॅम फिरला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. यातला एक शू असा बसलेला असतो की फिरता ड्रम त्याला स्वतःच आपल्याकडे ओढून घेते. तो लीडिंग. दुसऱ्याला तोच ड्रम दूर ढकलते. म्हणजे एक काम करते आणि दुसरा हजेरी लावते. नंतरच्या मोठ्या बुलेटना कंपनीनं ७ इंची ड्रम दिला, त्यात दोन कॅम, बाहेर दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारी एक दांडी. त्यात दोन्ही शू लीडिंग. डिस्क त्याच्याही नंतर आली.

पोरगा म्हणाला डिस्क लावा. कॉटन मार्केटकडे चौकशी केली तर जुना डिस्कवाला पूर्ण पुढचा भाग, म्हणजे शॉकअप, चाक, कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरतो तो भाग), वरचा मास्टर सिलिंडर, असं सगळं १६,००० सांगत होते. शॉकअपच बदलावे लागतात, कारण जुन्या शॉकअपच्या पायाला कॅलिपर धरायची जागा नाही. पैशांचं सोडा, पण १९८६च्या गाडीला पुढे चकचकीत ताटली लावलेली माझ्या डोळ्याला बघवली नसती. ७ इंची ड्रमचा सेट, हब (चाकाचा मधला भाग, ड्रम त्यातच असते) आणि प्लेट (शू धरणारं झाकण) मिळून, एका कबाड्याकडे ३,८०० ला मिळाला. प्लेट सरळ होती, हबला तडा नव्हता. घेतला.

इथून माझी चूक चालू होते. तो सेट घेऊन मी घराजवळच्याच एका गॅरेजला गेलो. नाव घेत नाही. तिथल्या पोरानं हब हातात घेतला, आतून बोट फिरवलं, "घासून घेतो काका" म्हणाला. ३०० रुपयांत नुसता हब लेथवर घासून आणला, मग नवे स्पोक घालून माझ्या जुन्या रिममध्ये चाक बांधलं, त्याचे १,१००. चाक फिरवून दाखवलं, आऊट, म्हणजे डगमग, जराही नव्हता. मी खूश.

खुशी रिंग रोडपर्यंत टिकली. पहिल्यांदा ब्रेक दाबला तर लिव्हर माझ्या बोटांना नाडीसारखी ठोके देऊन राहिली. हळू गाडीला धक, धक. जोरात दाबलं की हँडलपर्यंत थरथर. परत नेली. पोरगा म्हणाला नवे लायनर आहेत, बसतील. ३०० किलोमीटर चालवली. बसले नाहीत. उलट आता पुढून चूं चूं आवाज यायला लागला आणि शेजारच्या आजी सकाळी कोण कुत्र्याला मारते म्हणून बाहेर येऊन पाहू लागल्या.

कमाल चौकाकडच्या मिस्त्रींचा पत्ता मला एका ट्रॅक्टरवाल्यानं दिला. चौकाच्या अलीकडे पाचपावलीच्या बाजूनं येताना एक गल्ली आहे, तिच्यात दुकान. पाटी नाही. बाहेर एक राजदूत उभी असते, तिला चाकं नाहीत, तीच खूण. मिस्त्री साठीचे असतील, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं कमी. बसायला काही नाही. मी विचारलं बसू कुठं, तर म्हणाले, "बसायले आले का काम करायले?"

त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, पुढे जॅक लावला. मला वाटलं चाक खोलतील. नाही. एका हातानं लिव्हर अगदी हलकी दाबून धरली, इतकी की शू नुसते टेकावे, आणि दुसऱ्या हातानं चाक हळूहळू फिरवायला लागले. घास आवाज आला, मग गप्प. परत घास, परत गप्प. एका फेऱ्यात दोनदा घासलं आणि दोनदा सुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा ड्रम नाही भाऊ, अंडं आहे."

मी गॅरेजचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर हात वर केला. "नाव नका सांगू. मले झगडा नाही पायजे. घासून मंग स्पोक ताणले न? स्पोक ताणले की हब ओढलं जाते. आधी घासलं तं गोल ऱ्हाईल कसं?"

हे मी कुठंच ऐकलं नव्हतं, पण ऐकल्याबरोबर पटलं. हब म्हणजे काही अचल दगड नव्हे. त्याला चहूबाजूंनी इतके स्पोक घट्ट खेचून असतात, प्रत्येक स्पोक आपापल्या बाजूला ओढते. एकटा हब लेथवर कितीही गोल केला तरी चाक बांधलं की तो कुठे ना कुठे केसभर ओढला जातो. केसभरच, पण ब्रेकला तेवढं पुरते. म्हणून आधी चाक बांधायचं, स्पोक शेवटचे ताणायचे, आऊट काढायचा, आणि मग पूर्ण चाक, रिमसकट, लेथवर चढवून ड्रम घासायचा. अडचण अशी की १९ इंची रिम आपल्या नेहमीच्या लेथवर मावतच नाही. म्हणून बहुतेक लोक नुसता हब घासतात आणि "बसेल" म्हणतात.

मिस्त्रींचा एक लेथवाला आहे हिंगण्याच्या एमआयडीसीकडे. त्याच्याकडे मोठा लेथ आहे, पण तो ही अशी फुटकळ कामं फक्त बुधवारी घेतो, बाकी दिवस कंपनीचं काम. मी सोमवारी गेलो होतो. त्या बुधवारी त्याचं मशीन बंद पडलं. म्हणजे पुढचा बुधवार. मिस्त्रींनी मला ४ दिवस सांगितले होते आणि लागले ११. ही तक्रार मी आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांचं कौतुकच करणार आहे.

दुसऱ्या बुधवारी मी त्यांच्यासोबत हिंगण्याला गेलो. दुकान पोराच्या भरवशावर टाकलं (झेरॉक्सचं दुकान आहे, परीक्षेचे दिवस होते, घरी यावरून झालं ते वेगळं). टायर-ट्यूब काढलेलं चाक लेथच्या चकमध्ये धरताना दोघं पाऊण तास नुसतं मधोमध आणत होते. मग मशीन चालू केलं आणि टूल इतका हलका लावला की पहिल्या फेऱ्यात तो फक्त दोन जागी लागला. ड्रमच्या आतल्या काळपट पृष्ठभागावर समोरासमोर दोन चंदेरी पट्टे उमटले, बाकी काळंच. मिस्त्रींनी मशीन थांबवून मला बोटानं दाखवलं. तेच ते अंडं. पुढच्या फेऱ्याला पट्टे रुंद झाले, तिसऱ्याला जवळजवळ भेटले, पाचव्याला सगळा ड्रम आतून एकसारखा चंदेरी. एकूण अर्धा मिलीमीटरही निघाला नसेल. त्याहून जास्त काढायचा नाही म्हणाले, ड्रम पातळ झाला की तापल्यावर फाकते.

याच लेथवर दुसरं काम झालं, आणि माझ्या मते अर्धा फरक त्याचा आहे. नव्या शूंना थोडं जाड लायनिंग चिकटवून आणलं होतं. ते शू प्लेटवर बसवून, प्लेटच लेथवर धरून, लायनिंगची गोलाई ड्रमच्या मापाला छाटून घेतली, ड्रमपेक्षा किंचित कमी. आपण दुकानातून नवे लायनर आणतो आणि डब्यातून काढून थेट बसवतो. ड्रम एकदा घासलेला असेल तर त्याची गोलाई वाढलेली असते, लायनरची डब्यातलीच असते. मग शू फक्त मधल्या टिकलीवर टेकते.

हे त्यांनी मला खडूनं दाखवलं. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बसवलेले जुने शू त्यांनी टाकून दिले नव्हते. ड्रमला आतून शाळेचा पांढरा खडू फासला, ते जुने शू बसवले, चाक फिरवून ब्रेक दाबला, उघडलं. प्रत्येक लायनरवर अंगठ्याच्या पेराएवढा एक पांढरा डाग. इतक्याशा जागेवर मी ३०० किलोमीटर गाडी थांबवून राहिलो होतो. मग छाटलेले शू बसवून तेच केलं. एका टोकाला दोन बोटं जागा सोडली तर पूर्ण लायनर पांढरा.

(लायनरची धूळ फुंकायची नाही, हे त्यांचं वाक्य मी तीनदा ऐकलं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते ओल्या फडक्यानं पुसतात. गॅरेजच्या पोरानं हवेच्या पाइपानं फुर्रकन उडवलं होतं, माझ्याच तोंडावर.)

बसवणं दुकानातच झालं. माझ्या फोर्कमध्ये चाक नीट मध्ये यावं म्हणून एक स्पेसर लेथवर करून आणला होता, तो लागला. प्लेट फिरू नये म्हणून फोर्कच्या पायाला जी अडकण असते ती त्यांनी दोनदा तपासली. ब्रेक जोराचा झाला की सगळा झटका तिच्यावर येते. ती निसटली तर प्लेट चाकासोबत फिरेल, वायर गुंडाळली जाईल आणि चाक जागच्या जागी जाम होईल. मग बाबांचं म्हणणं खरं ठरेल.

मग ती दोन लिव्हरना जोडणारी दांडी. या ब्रेकचा जीव तिच्यात आहे. दांडी लांब-आखूड करता येते. ती चुकली तर एक शू आधी लागते, दुसरा उशिरा, आणि दोन शूंचे पैसे देऊन तुम्ही एकाचंच काम घेता. मिस्त्रींनी दांडी काढून ठेवली. एक लिव्हर हातानं ढकलली, शू टेकेपर्यंत. दुसरी तशीच. दोन्ही तशाच धरून मला म्हणाले, पिन घाला. पिन गेली नाही. दांडीचा आटा अर्धा फिरवला, परत. गेली, पण रेटून. रेटून नाही चालत म्हणाले. परत पाव आटा. या खेपेला पिन आपल्या वजनानं खाली पडली.

त्यानंतर एक्सलचा नट ढिला ठेवून चाक जोरात फिरवलं, मला ब्रेक दाबून धरायला लावला, आणि मी दाबून धरला असताना नट आवळला. म्हणजे प्लेट शूंच्या आधारानं स्वतःच मधोमध येते. हे त्यांनी तीनदा केलं. नवी वायर टाकली, १८० ची, आणि ब्रेक लागलेला असताना वायर आणि प्लेटवरची लिव्हर यांचा काटकोन होतो की नाही ते डोळा बारीक करून पाहिलं. काटकोन असला की हाताचा जोर पूर्ण लागते, नाहीतर अर्धा जोर लिव्हर नुसती तिरपी ओढण्यात जाते. कॅमला ग्रीस काडीच्या टोकावर घेऊन लावलं. मी म्हटलं अजून थोडं लावा. "लायनरवर उतरलं तं मलेच शिव्या द्याल."

आता फरक सांगतो, मोजून. काम करायच्या आधी एका पहाटे साडेपाचला मी मिहानच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली होती. रस्त्याच्या कडेला खडूनं रेघ मारली, ४० च्या वेगानं आलो, रेघेवर फक्त पुढचा ब्रेक मारला. बुलेटचा काटा ३५ ते ४५ मध्ये नाचते, त्यामुळे तीनदा केलं. सरासरी २७ पावलं लागली. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच रेघेवर, तसंच. १७ पावलं. पावलं माझीच आणि दोन्ही वेळेस त्याच चपला. हे काही प्रयोगशाळेचं माप नाही, पण १० पावलं म्हणजे दोन ऑटो आणि वर थोडं. आणि ठोके गेले. लिव्हर आता दोन बोटांनी दाबतो. दाबली की ती एका जागी येऊन घट्ट थांबते, आणि त्यानंतर जितका जोर द्याल तितकी गाडी थांबते. पहिल्या दिवशी हे इतकं अनोळखी होतं की शंकरनगर चौकात सिग्नलला मी रेघेच्या दोन मीटर आधीच थांबलो. मागचा हॉर्न मारून राहिला.

आता कमी काय ते. पाच चांदण्या मी देणार नाही.

पुढचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागत नाही, कारण जुन्या गाडीला पुढच्या लिव्हरवर स्विचच नसते. आधी चालून जात होतं, पुढचा ब्रेक लागतच नव्हता. आता गाडी कचकन थांबते आणि मागच्याला काही कळत नाही. मिस्त्रींनी हे स्वतःहून सांगायला पाहिजे होतं. मी परत गेलो तेव्हा स्विचवालं होल्डर बसवून दिलं, २२० वेगळे. वायर पुढच्या मडगार्डला घासत होती, तीही मीच पाहिली. प्लेटवर जुना रंग तसाच आहे, ओरखड्यांसकट. बिल सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून दिलं. फोन उचलत नाहीत. ११ दिवसांचं आधी सांगितलंच.

आणि काही गोष्टी मिस्त्रींच्या नव्हेत, या ब्रेकच्याच आहेत. दोन्ही शू लीडिंग असतात ते गाडी पुढे जाताना. गाडी मागे घरंगळायला लागली की दोन्ही उलटे होतात आणि ब्रेक जवळपास नाहीसा होते. सदरच्या उड्डाणपुलाच्या चढावर जाममध्ये उभा होतो, सवयीनं पुढची लिव्हर दाबून पाय जमिनीवर, आणि गाडी शांतपणे मागे निघाली. मागे कारवाल्या बाई होत्या. चढावर डावा पाय ब्रेकवर पाहिजे म्हणजे पाहिजे. डावा. हे मी हँडलवर चिठ्ठी लावून ठेवलं आहे.

पावसाचं म्हणाल तर जुलैत नरेंद्रनगरच्या पुलाखालून पाण्यातून गाडी काढली. ड्रममध्ये पाणी गेलं. वर आल्यावर पहिले दोन दाब वाया गेले. लिव्हर हलकी दाबून पन्नासेक मीटर चालवली की लायनर वाळतात, पण ते आठवणीनं करावं लागते. डिस्क उघडी असल्यानं लवकर वाळते, यात वाद नाही.

तिसरी गोष्ट चिखलदऱ्याची. मागे ही, आणि हिची बॅग, आणि बॅगेत काय होतं ते मी विचारलं नाही. परतवाड्याकडे उतरताना घाटात अर्ध्या वाटेवर जळका वास आला आणि लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकायला लागली. ड्रम तापला की फुगते, म्हणजे शूंपासून दूर जाते, आणि शूंना जास्त फाकावं लागते. ब्रेक गेला नाही, पण जायचं नाव काढलं. एका टपरीवर थांबलो, दोन चहा घेतले, चाकावर पाणी टाकायचं नाही हे तेवढं लक्षात होतं, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं तर तडा जाऊ शकते. वीस मिनिटांनी लिव्हर परत आपल्या जागी. नंतर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरलो. ज्यांचं घाटात, लांबच्या हायवेवर, वजन घेऊन नेहमीचं जाणं आहे त्यांनी १६,००० घालून डिस्कच लावावी. माझं रोजचं जाणं मानेवाडा ते महाल आहे.

डिस्क जुनी घेणार असाल तर मिस्त्रींनी सांगितलेलं एक पुढे देतो. रबरी पाइप नवा टाका. जुना रबर आतून फुगते, लिव्हर दाबली की जोर कॅलिपरपर्यंत जायच्या ऐवजी पाइप फुगवण्यात जाते आणि लिव्हर पावासारखी मऊ लागते. आणि ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑईल २३० अंशांच्या वर उकळते, पण ओलावा धरलेलं १५५ लाच उकळायची भीती असते, आणि उकळलं की पाइपात वाफ, म्हणजे लिव्हर दाबाल तर खाली काहीच नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर याचा विचार कराच. पोराच्या गाडीचं ऑईल त्यांनी त्याच दिवशी पाहिलं. चहासारखं झालं होतं, कोऱ्या चहासारखं. बदलून एअर काढून दिली, १५० घेतले. पोराच्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे चाक जाम व्हायला लागलं की ब्रेक आपोआप सोडते ते. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच झालं. माझ्या गाडीला तसलं काही नाही. गिट्टीवर पुढचं चाक जाम झालं तर ते सोडायचं काम माझ्याच बोटांचं. म्हणून काम झाल्यावर दोन रविवार मी मिहानला नुसता दाबायचा आणि सोडायचा सराव केला. बाबांना सांगितलं नाही.

हिशेब असा. हब आणि प्लेट ३,८००. पहिल्या गॅरेजचे १,४००, त्यातले स्पोकचे कामी आले, घासण्याचे ३०० पाण्यात. मिस्त्रींकडे चाकाचा आऊट परत काढायचे २५०, लेथचे ६००, लायनिंगसकट शू ४५०, वायर १८०, मजुरी ८००, म्हणजे २,२८०. एकूण ७,४८०, आणि नंतरच्या स्विचचे २२० वेगळे. स्पेसरचे त्यांनी घेतले नाहीत, मी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

एक मात्र सांगतो. ज्यांच्याकडे ६ इंचीच ड्रम आहे आणि काही बदलायचं नाही, त्यांनीही हेच चाक लेथवर चढवून घासायचं आणि शू छाटायचं काम आधी करून घ्यावं. हजार-बाराशेत होते. मी माझा जुना ६ इंची ड्रम हौसेपायी मिस्त्रींना दाखवला. आत कडेला बोट अडकेल इतकी कंगोरी होती. ४० वर्षांत तो एकदाही घासलेला नव्हता. म्हणजे बाबांनी जो ब्रेक वापरला नाही, तो वापरण्यासारखाही कधी नव्हता.

९०० किलोमीटर झाल्यावर लिव्हर थोडी सैल वाटली म्हणून परत गेलो. वायरचा नट दीड आटा फिरवला, चाक फिरवून कान लावला, "जा" म्हणाले. पैसे घेतले नाहीत. येताना तर्री पोहे आणा म्हणाले, ते आणून दिले.

दुकान शुक्रवारी बंद. सकाळी ११ च्या आत जा, नंतर ते लेथवाल्याकडे किंवा जेवायला गेलेले असतात. लेथचं काम असेल तर सोमवारीच चाक द्या म्हणजे बुधवार मिळेल. आणि जाताना घरून एक स्टूल न्या.